करार शेवटून वाचा : पहिली सही करणाऱ्या फुटबॉलपटूसाठी

व्यावसायिक फुटबॉलपटूंचे करार सहीआधी तपासून देणं हे माझं काम. करार माझ्या टेबलावर येतो तेव्हा खेळाडूचं आणि त्याच्या आईवडिलांचं बोट बहुतेक वेळा पगाराच्या आकड्यावर असतं. मी मात्र पानं मागून चाळायला घेते. आधी संपण्याची तारीख, मग मुदतवाढ, करार रद्द करण्याची कलमं, रिलीज क्लॉज (ठरावीक रकमेवर खेळाडूला सोडण्याचं कलम), परिशिष्टं, बोनस, आणि सगळ्यात शेवटी पगार. पगाराबद्दल क्लब पुढेही दहा वेळा बोलायला बसेल. बाहेर कसं पडायचं याबद्दल तो सहीआधी एकदाच बोलतो.

ट्रान्सफर फी, म्हणजे तुम्हाला घ्यायला नवा क्लब जुन्याला देतो ती रक्कम, ही खरं तर तुमच्या कराराच्या उरलेल्या महिन्यांची किंमत. हे पूर्वी असं नव्हतं. बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमनचा आरएफसी लिएजबरोबरचा करार १९९० मध्ये संपला. क्लबने नव्या करारात पगार चौथाईवर आणला, आणि फ्रान्समधल्या डंकर्क क्लबकडे जायचं म्हटल्यावर फीसाठी अडवूनही धरलं. करार संपला होता, माणूस मात्र सुटला नव्हता. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने ही पद्धत युरोपीय संघातल्या खेळाडूंपुरती मोडीत काढली, आणि २००१ साली फिफाने आपले नियम नव्याने बांधले. तेव्हापासून करार संपला की क्लबच्या हातात विकायला काही उरत नाही. म्हणून वाटाघाट सगळ्यात आधी तारखांवर करा.

आधी एक रेघ ओढा

कोरा कागद आडवा धरा आणि एक लांब रेघ ओढा. डाव्या टोकाला सहीची तारीख लिहा, उजव्या टोकाला करार संपण्याची. समजा, १९ वर्षांच्या खेळाडूपुढे १ जुलै २०२५ ते ३० जून २०३० असा करार आहे. फिफाच्या नियमांत पाच वर्षं ही कमाल मुदत आहे. त्याहून मोठा करार त्या देशाच्या कायद्यात बसत असेल तरच चालतो. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला तीनच वर्षं. सतरा वर्षांच्या मुलापुढे पाच वर्षांचा कागद सरकवणाऱ्याला हे नक्की ठाऊक असतं, तेव्हा भीड न ठेवता विचारा.

आता रेघेवर खुणा करा. पहिली खूण १ जानेवारी २०३०. करार संपायला सहा महिने उरले की तुम्ही दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकता. त्याआधी एखाद्या क्लबला तुमच्याशी बोलायचं असेल, तर त्याने तुमच्या क्लबला आधी लेखी कळवायला हवं.

दुसरी खूण २०२८ च्या उन्हाळ्यावर. अठ्ठाविसाव्या वाढदिवसाआधी सही केली असेल तर पहिले तीन हंगाम किंवा तीन वर्षं, यांतलं जे आधी संपेल तो ‘संरक्षित काळ’. अठ्ठाविशीनंतरच्या सहीला तो दोनाचा होतो. या काळात सबळ कारणाशिवाय करार मोडला तर भरपाई द्यावी लागतेच, वर चार ते सहा महिने खेळण्यावर बंदी येऊ शकते.

तिसरी खूण कुठल्याच नियमात सापडणार नाही, पण मी तिच्याभोवती लाल वर्तुळ काढते : २०२९ चा उन्हाळा. क्लबला तुमच्यासाठी धड किंमत मिळण्याची ही शेवटची मोठी विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा ठरलेला काळ. त्यानंतर जानेवारीत जी बोली येईल ती पडेल भावाची, आणि जूनमध्ये तुम्ही फुकट जाणार. म्हणून त्याच्या साधारण वर्षभर आधी, २०२८ मध्येच, क्लब नव्या कराराचा विषय काढतो आणि पारडं तुमच्याकडे झुकायला लागतं. आता त्या वर्तुळाखाली तेव्हाचं तुमचं वय लिहा. या उदाहरणात २३. तीन वर्षांचा करार असता तर हेच वर्तुळ २०२७ मध्ये, २१ व्या वर्षी पडलं असतं. पगारातल्या वाढीच्या बदल्यात तुम्ही ही दोन वर्षं देताय, आणि ती वाढ तेवढ्या मोलाची आहे का, हे आता कागदावर दिसतं.

छोटा करार नेहमीच चांगला, असं मात्र मी म्हणणार नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्याला मी लांब मुदत घ्यायला सांगते. गोलकीपरलाही बऱ्याचदा सांगते, कारण त्याची संधी उशिरा येते. ज्याच्या अंगात वेग आहे, ज्याच्याबद्दल आत्ताच चौकशा येताहेत, त्याने रेघ आखूड ठेवावी.

शेवटची खूण मुदतवाढीची. ‘क्लबच्या इच्छेनुसार आणखी एक वर्ष’ हे वाक्य सापडलं की लाल वर्तुळ वर्षभर उजवीकडे सरकवा, कारण ते वर्ष आत्ताच गेलं असं धरायचं. एकतर्फी मुदतवाढीकडे लवाद संशयानेच बघतात, पण त्या भरवशावर सही करू नका. कलम काढून टाका म्हणावं. क्लब ऐकत नसेल तर तीन गोष्टी लिहून घ्या : क्लबने कोणत्या तारखेआधी कळवायचं, वाढीव वर्षात पगार किती टक्क्यांनी चढणार, आणि हा हक्क एकदाच वापरता येईल. कळवण्याची तारीख मी ३१ डिसेंबरच्या आधीची मागते. मेच्या अखेरीपर्यंत क्लबला वाट बघू दिली, तर ते सहा मोकळे महिने नावापुरतेच राहतात.

क्लबच्या वहीत तुम्ही काय आहात

हा भाग सहसा खेळाडूला कोणी सांगत नाही. ५ कोटी युरो देऊन पाच वर्षांसाठी घेतलेला खेळाडू क्लबच्या हिशेबात दरवर्षी १ कोटीने झिजतो. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत २ कोटी उरते. त्याहून कमी पैशांत विकला तर तोटा दिसतो, जास्तीत विकला तर वरचा भाग नफा. चेल्सीने २०२३ च्या जानेवारीत मिखाइलो मुद्रिक आणि एन्झो फर्नांडेझ यांना साडेआठ वर्षांचे करार दिले त्यामागे हाच हिशेब होता : फी जितक्या वर्षांवर पसराल तितका वर्षाचा भार हलका. त्याच वर्षी युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाने, ही पसरण पाच वर्षांवर आणली, आणि नंतर प्रीमियर लीगनेही.

तुम्ही त्याच क्लबच्या अकादमीतून वर आला असाल तर वहीत तुमची किंमत जवळपास शून्य, म्हणजे विक्रीची सगळी रक्कम नफा. आर्थिक नियमांच्या कात्रीत सापडलेला क्लब घरच्या मुलांना आधी विकतो ते यामुळे. चाहते हळहळतात, हिशेबनीस हळहळत नाही. करार करताना तुम्ही यांपैकी कोणत्या रकान्यात बसता ते ओळखा. अकादमीतून आला असाल तर रिलीज क्लॉजची रक्कम खाली आणायला क्लब तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर तयार होतो.

दार आहे का, आणि ते उघडतं का

ठरलेली रक्कम कोणी भरली की क्लबने सोडलंच पाहिजे, अशी रिलीज क्लॉजबद्दल सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी ठरते की नाही ते कलम कसं लिहिलंय त्यावर आहे, आणि तुम्ही कोणत्या देशात सही करताय त्यावरही. स्पेनमध्ये १९८५ च्या एका राजाज्ञेने खेळाडूला भरपाई देऊन करार सोडण्याचा हक्क दिला, आणि ती भरपाई करारातच लिहायची रीत पडली. २०१७ मध्ये नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो भरले गेले तेव्हा बार्सिलोनाची इच्छा असण्या-नसण्याचा प्रश्न उरला नाही. याउलट २०१३ मध्ये आर्सेनलने लुईस सुआरेझसाठी लिव्हरपूलपुढे ४ कोटी १ पौंड ठेवले. करारात ४ कोटींचा उल्लेख असलेलं कलम होतं, म्हणून तो वरचा एक पौंड. लिव्हरपूलने विकलं नाही. सुआरेझ राहिला, त्या डिसेंबरात नवा करार केला आणि २०१४ मध्ये बार्सिलोनाला गेला.

म्हणून कलमात ‘क्लब प्रस्तावाचा विचार करेल’, ‘चर्चेस तयार राहील’ अशी गोड वाक्यं दिसली तर ती खोडा. मी साधारण असं लिहून मागते : ‘कोणत्याही क्लबने अमुक रक्कम देण्याचा लेखी प्रस्ताव दिल्यास क्लब तो स्वीकारण्यास बांधील राहील आणि खेळाडूला त्या क्लबशी बोलण्याची परवानगी तत्काळ देईल.’ मग पुढचे प्रश्न. रक्कम एकरकमी की हप्त्यांनी? बोनससह धरायची की फक्त पक्की रक्कम? दरवर्षी तीच की उतरत जाणारी? मी उतरत जाणारी मागते. करार आटत जातो तशी किंमतही आटली पाहिजे. क्लबला ही मागणी आवडत नाही. पण क्लबलाही निश्चित आकडा हवाच असतो, त्यामुळे पहिल्या वर्षाची रक्कम थोडी चढी देऊन पुढची उतरंड मान्य करून घेता येते.

तारखेचा मामला त्याहून नाजूक. लिओनेल मेस्सीच्या बार्सिलोनाबरोबरच्या करारात हंगाम संपल्यावर फुकट जाण्याची मुभा होती, पण ती ठरावीक मुदतीत, जूनच्या सुरुवातीपर्यंत कळवण्याच्या अटीवर. २०२० मध्ये साथीमुळे हंगाम ऑगस्टपर्यंत लांबला. मेस्सीने ऑगस्टच्या अखेरीस पत्र पाठवलं. हंगाम आत्ता संपलाय असं त्याचं म्हणणं, तारीख उलटून गेली असं क्लबचं. स्पेनच्या ला लीगाने क्लबची बाजू घेतली आणि ७० कोटी युरोंच्या रिलीज क्लॉजवर बोट ठेवलं. तो त्या वर्षी राहिला. मेस्सीच्या बाबतीत असं होत असेल तर तुमच्या-आमच्या करारात ‘अमुक तारीख किंवा संघाच्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर दहा दिवस, यांतलं जे नंतर येईल ते’ एवढं एक वाक्य घालायला काय हरकत आहे?

संघ खालच्या श्रेणीत घसरला तर पगार इतक्या टक्क्यांनी कापू, हे कलम जवळपास प्रत्येक करारात असतं. त्याला जोडी मागा : पगार कापला जाईल त्याच दिवशी रिलीजची रक्कमही तेवढ्याच टक्क्यांनी खाली येईल. एकीकडे कपात आणि दुसरीकडे जुनीच किंमत, हा व्यवहार मी कधीच मान्य करू देत नाही.

ट्रान्सफर झाल्यास फीचा काही हिस्सा तुम्हाला, अशीही अट घालता येते. बाहेरच्या गुंतवणूकदाराने खेळाडूच्या फीत हिस्सा ठेवण्यावर फिफाने १ मे २०१५ पासून बंदी घातली, पण खेळाडू स्वतः त्या बंदीत ‘तिसरा पक्ष’ धरला जात नाही. कोणी काका, ओळखीचा उद्योजक, जुना प्रशिक्षक ‘मी तुझा खर्च केला, मला टक्के दे’ म्हणत असेल तर त्याला उसने पैसे परत करा. टक्के लिहून देऊ नका.

पैसे थकले तर

इथे नियम तुमच्या बाजूने बरेच भक्कम आहेत, फक्त ते पायऱ्यापायऱ्यांनी वापरावे लागतात. किमान दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकला की क्लबला लेखी नोटीस द्यायची आणि पैसे भरायला किमान १५ दिवस द्यायचे. तरीही पैसे आले नाहीत तर करार रद्द करायला सबळ कारण मिळालं. मग उरलेल्या कराराच्या रकमेवर तुमचा दावा लागतो. तेवढ्या काळात नव्या क्लबकडून जे मिळेल ते त्यातून वजा होतं. फोनवर झालेलं बोलणं, ड्रेसिंग रूममधलं ‘पुढच्या आठवड्यात बघू’, व्यवस्थापकाचा खांद्यावरचा हात, यांतलं काहीही नोटीस होत नाही. सराव मात्र चुकवू नका. पैसे थकलेत म्हणून घरी बसणारा खेळाडू क्लबच्या वकिलाला आयतं हत्यार देतो.

करारात ‘पगारास ६० दिवसांपर्यंत विलंब झाल्यास तो विलंब मानला जाणार नाही’ अशा धर्तीचं वाक्य असेल तर त्याला घाबरू नका. क्लब आणि खेळाडूंच्या संघटनांमधल्या सामूहिक करारात तशी तरतूद नसेल तर फिफा अशी सवलत मानत नाही. तसंच वैद्यकीय तपासणीचं. ‘तपासणीत उत्तीर्ण झाल्यास करार वैध’ ही अट नियमांत चालत नाही. क्लबने तपासणी सहीआधी करायची. वर्क परमिटबाबतही तोच नियम. दोन्ही बाजू एकाच देशातल्या असतील तर वाद तिथल्याच महासंघाकडे जातो आणि तिथले नियम वेगळे असू शकतात, म्हणून वाद कुठे सोडवायचा ते कलम आधी शोधा.

बाकावरच बसून राहावं लागलं तर? हंगामातल्या अधिकृत सामन्यांपैकी १० टक्क्यांहून कमी सामन्यांत खेळायला मिळालं, तर प्रस्थापित खेळाडूला ‘क्रीडाविषयक सबळ कारण’ सांगता येतं, पण क्लबच्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर १५ दिवसांच्या आत. विशीतल्या नवख्याला याचा फारसा उपयोग नाही, कारण त्याला प्रस्थापित मानतीलच असं नाही. त्याने लोनवर, म्हणजे काही काळापुरतं दुसऱ्या क्लबकडे, जाण्याची अट मागावी, आणि लोनच्या काळात बोनस कोणता क्लब देणार ते लिहून घ्यावं.

मोडून निघायचं म्हणाल तर

करार मधेच मोडून निघालो तर किती भरावं लागेल, हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, आणि ऑक्टोबर २०२४ नंतर जरा जास्तच. लोकांना उत्तरात एक आकडा हवा असतो. मी दोन सांगते. अँडी वेबस्टर स्कॉटलंडचा हार्ट्स क्लब सोडून इंग्लंडच्या विगनला गेला. २००८ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने त्याला दीड लाख पौंड भरायला सांगितलं. मातुझालेम हा खेळाडू युक्रेनचा शख्तार क्लब सोडून स्पेनच्या झारागोझाला गेला. २००९ मध्ये त्याच लवादाने सांगितलेली भरपाई होती १ कोटी १८ लाख ५८ हजार युरोंहून जास्त. नियमाचं कलम एकच, दोघेही संरक्षित काळ संपल्यावर गेलेले. एका ठिकाणी लवादाने उरलेला पगार मोजला, दुसऱ्या ठिकाणी क्लबने काय गमावलं ते. निर्णयाआधी आपला आकडा यांतल्या कोणत्या टोकाला पडेल, हे कोणीही वकील छातीठोक सांगणार नाही.

मग फ्रान्सचा खेळाडू लसाना दियारा. लोकोमोटिव्ह मॉस्कोबरोबरचा त्याचा करार २०१४ मध्ये तुटला आणि त्याच्यावर १ कोटी ५ लाख युरोंची भरपाई बसली. त्याला घेणाऱ्या क्लबलाही त्या रकमेसाठी जबाबदार धरायचा नियम होता, त्यामुळे बेल्जियमच्या शार्लरवाचा प्रस्ताव बारगळला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने यातले काही नियम युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवले. फिफाने लगेच तात्पुरते बदल केले : नव्या क्लबने फितवलं हे आता तक्रार करणाऱ्याने सिद्ध करायचं, आणि कराराच्या वादापायी दुसऱ्या देशात ट्रान्सफरसाठी लागणारं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र अडवून ठेवायचं नाही. याचा अर्थ मनाला येईल तेव्हा निघा असा नाही. भरपाई आहेच. फरक इतकाच की तुम्हाला घ्यायला नवा क्लब पूर्वीइतका बिचकणार नाही. माझं मत विचाराल तर जिथे रिलीज क्लॉज नीट लिहिलेला आहे तिथे ही वेळच येत नाही.

राहिलेलं थोडक्यात

बोनसची व्याख्या करून घ्या. ‘सामना’ म्हणजे अधिकृत सामना की मैत्रीपूर्णही? ‘खेळला’ म्हणजे सुरुवातीपासून, की नव्वदाव्या मिनिटाला आत आला तरी? रक्कम करापूर्वीची की हातात पडणारी? या तीन प्रश्नांवर मी क्लबांशी जितकी भांडले तितकी पगारावर भांडलेली नाही.

एजंटशी करार दोन वर्षांपेक्षा जास्त नको. फिफाचीही तीच मर्यादा आहे. तो परवानाधारक आहे का ते बघा, आणि या व्यवहारात त्याला क्लबकडूनही पैसे मिळताहेत का, हे त्याच्याकडून लिहून घ्या. तो चिडला तर उत्तर मिळालं.

महिला खेळाडूंनी गरोदरपणाचं कलम करारात उतरवून घ्यावं. जानेवारी २०२१ पासून फिफाने किमान १४ आठवड्यांची रजा आणि किमान दोन तृतीयांश पगार बंधनकारक केलाय, तरी सारा ब्यॉर्क गुन्नार्सदोत्तिरला ऑलिंपिक लियाँकडून आपला पगार मिळवायला फिफाच्या न्यायाधिकरणात जावं लागलं. ती जिंकली.

आणि लहानपणापासून कुठल्या क्लबात कोणत्या हंगामात नोंदणी होती, त्याचे कागद जपा. करार चालू असताना दुसऱ्या देशात ट्रान्सफर झाली की फीतले ५ टक्के त्या क्लबांत वाटले जातात : १२ ते १५ वयाच्या प्रत्येक हंगामाला फीच्या पाव टक्का, १६ ते २३ च्या प्रत्येक हंगामाला अर्धा. तुमच्या खिशातून काही जात नाही. जिथे तुम्ही पहिल्यांदा बूट घातले त्या मैदानाला मात्र त्या पैशांतून नवं कुंपण मिळू शकतं.

सहीच्या दिवशी

सही विंडोच्या शेवटच्या रात्री करू नका. २०१७ मध्ये आद्रियन सिल्व्हाच्या लेस्टरकडच्या ट्रान्सफरची नोंद १४ सेकंद उशिरा झाली आणि तो जानेवारी २०१८ पर्यंत खेळू शकला नाही. घाई करायला लावणारा क्लब तुम्हाला परिशिष्टं वाचायला वेळ देत नसतो, हेही लक्षात ठेवा.

प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, परिशिष्टांच्या पानांवरही. तोंडी दिलेलं वचन, मग ते घराचं भाडं असो की विमानाची तिकिटं, परिशिष्टात उतरलेलं दिसेपर्यंत पेन खाली ठेवा. करार दोन भाषांत असेल तर कोणता मजकूर ग्राह्य धरायचा ते लिहिलंय का बघा. सही केलेली प्रत त्याच दिवशी, खोलीतून बाहेर पडण्याआधी हातात घ्या. ‘ईमेलने पाठवतो’ चालणार नाही. ती रेघ ओढलेला कागद प्रतीला टाचून ठेवा आणि त्यावरच्या तारखा फोनमध्ये टाका, प्रत्येकीच्या महिनाभर आधीची आठवण लावून. फिफाकडे दावा करायला वाद उद्भवल्यापासून दोन वर्षं मिळतात. निकालाची कारणं हातात पडली की लोझानला अपील करायला २१ दिवस.